साखळी-स्पर्धेची ढाल

जत्रेंतील कुस्ती एका डावांत निकालीं निघते. फुटबॉलच्या साखळी-स्पर्धेची रीत निराळी. तेथें प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशीं दोनदां खेळतो. विजयास तीन गुण, बरोबरीस एक, पराभवास कांहीं नाहीं; आणि हंगामाअखेर ज्याचे गुण अधिक तो विजेता.

इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा हंगाम या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. कोविडच्या साथीमुळें सर्व सामने गोव्यांत झाले. एकोणीस सामन्यांनंतर कोलकात्याच्या एटीके मोहन बागानचे गुण ४० होते, मुंबई सिटीचे ३७. विसावा व अखेरचा सामना या दोघांतच, २८ फेब्रुवारी २०२१ रोजीं बांबोळी येथें झाला. बागानला बरोबरीही पुरेशी होती. परंतु फॉल व ओगबेचे यांच्या गोलांनीं मुंबईनें २-० असा विजय मिळविला. गुण समसमान झाले. परस्परांतील दोन्ही सामने मुंबईनेंच जिंकले असल्यानें विजेत्याची ढाल तिला मिळाली.

यांतील पहिला सामना ११ जानेवारीचा; तो अवघ्या एका गोलानें जिंकलेला. तो बरोबरींत सुटता, तर अखेरच्या विजयानंतरही मुंबईचे ३८ आणि बागानचे ४१ गुण झाले असते. जानेवारींतील त्या एका गोलाचें मोल किती, हें श्रोत्यांनींच ठरवावें.