गळती दिसते खाली, असते वर

रमजान लागल्यापासून सहेरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणासाठी उठलो की एक काम वाढलं होतं. बॅटरी घेऊन अंगणात जायचं आणि गाडीखाली वाकून बघायचं. गाडी अब्बांनी घेतलेली, १९९८ ची मारुती ८००. फरशीवर सुरुवातीला रुपयाएवढा काळा डाग असायचा. आठवडाभरात तो बशीएवढा झाला. ईदला अम्मीला घेऊन गावी जायचं होतं आणि हातात जेमतेम दहा दिवस होते.

एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथल्या माणसानं खाली वाकून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडलेले असतात, तिथून तेल टपकत होतं. त्यानं लगेच निदान केलं, "क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही बदलून घ्या. ९ हजार रुपये होतील." वर सल्लाही दिला, "एवढा खर्च करण्यापेक्षा भंगारात द्या." घरी येऊन सांगितलं, तर धाकट्या भावाचंही तेच मत पडलं. अम्मी काहीच बोलली नाही. अब्बांच्या मागे राहिलेली त्यांची एवढी एकच वस्तू रोज वापरात होती.

दुसऱ्या दिवशी गाडी एसटी स्टँडमागच्या मामांकडे नेली. मामा म्हणजे गावातले जुने मिस्त्री. लहानथोर, सगळ्या जातीधर्माचे लोक त्यांना मामाच म्हणतात. मी त्यांना गाडीखालचा डाग दाखवायला लागलो, तर त्यांनी बॉनेट उघडलं.

"तेल कधी वर चढतं का रे? थेंब पडतो तिथं शोधू नकोस. त्याच्या वर शोध."

जुन्या गाडीच्या तेलगळतीचं अर्धं शास्त्र या एका वाक्यात आहे. इंजिनाच्या तळाशी तेलाचं चेंबर असतं. पंप तिथलं तेल वर ढकलतो, ते कॅमशाफ्टपर्यंत जातं आणि ओघळत पुन्हा चेंबरमध्ये येतं. वरचं एखादं पॅकिंग सैल झालं, की तेल इंजिनाच्या बाहेरच्या अंगावरून वाहत येतं. वाटेत धूळ धरतं, गाडी धावताना वाऱ्यानं मागं पसरतं आणि शेवटी सगळ्यात खालच्या कडेवरून टपकतं. आपल्याला दिसते ती टपकण्याची जागा. उगम कुठं तरी वीतभर, कधी हातभर वर असतो.

मामांनी आधी मला तीन प्रश्न विचारले. तेल घट्ट काळपट आहे, की पाण्यासारखं पातळ? पातळ आणि हिरवट किंवा लालसर असेल, तर ते रेडिएटरचं कूलंट. घट्ट आणि उग्र वासाचं असेल, तर गिअरचं तेल. सायलेन्सरमधून निळा धूर येतो का? येत असेल, तर तेल आत जळतंय. ते दुखणं वेगळं. आणि शेवटचा प्रश्न, गेजवर तेल किती आहे? या इंजिनात सगळं मिळून तेल तीन लिटरच्या आतच असतं. त्यामुळं थोडी गळतीही लवकर जाणवते. मी गेज काढून पुसलं, पुन्हा घालून पाहिलं. तेल खालच्या खुणेला टेकलं होतं. मामांनी आधी तेल भरायला लावलं, मगच पुढचं काम सुरू केलं.

पुढचं काम म्हणजे धुणं. मळलेल्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे चिखलात पाण्याचा थेंब शोधण्यासारखं. इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकनं बांधलं. ब्रशनं डिझेल लावून वर्षानुवर्षांचा काळा थर सोडवला, साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडं केलं. मग मामांनी कपाटातून लहान मुलांच्या पावडरचा डबा काढला आणि संशयाच्या सगळ्या जागांवर पावडर भुरभुरली. पांढऱ्या पावडरवर तेलाची ताजी रेघ लगेच उमटते.

संशयित वरून खाली मोजायचे. सगळ्यात वर टॅपेट कव्हरचं पॅकिंग. त्याच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटर आणि त्याची रबरी रिंग. मग ऑइल प्रेशरचा स्विच, ऑइल फिल्टर, टायमिंग बेल्टच्या बाजूची सीलं, चेंबरचं पॅकिंग आणि तळाचा बोल्ट. क्रँकचं मागचं सील अगदी शेवटी. योगायोगानं खर्चाचा क्रमही साधारण असाच चढत जातो.

इंजिन वीस मिनिटं चालू ठेवलं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडर किंचित ओली झाली. पण खरी रेघ डिस्ट्रिब्युटरच्या खालून निघाली होती आणि सरळ गिअरबॉक्सच्या जोडावर उतरली होती. खालून पाहणाऱ्याला ती मागच्या सीलचीच गळती वाटणार. क्रँकचं सील ठणठणीत होतं.

डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी मामांनी त्याच्या बुडावर आणि इंजिनावर मिळून एक रेघ ओढली. ही खूण चुकली तर इंजिनाचं टायमिंग बिघडतं. तो बाहेर असताना इंजिन फिरवायचं नाही, अशी मला ताकीद मिळाली. आतली रिंग बाहेर आली ती रबराची उरलीच नव्हती. बोटानं दाबली, तर बांगडीसारखी मोडली. उष्णतेनं रबर असं कडक होतं आणि मग जागा धरत नाही. नवी रिंग तेल लावून बसवली, खूण जुळवली, टायमिंग तपासलं.

टॅपेट कव्हरचं पॅकिंगही बदललं. जुन्याचे तुकडे खरवडून जागा स्वच्छ केली. मी बोल्ट जोरात आवळायला गेलो, तर मामांनी हात धरला. जास्त आवळलं की कव्हर वाकतं आणि गळती वाढते. सगळे बोल्ट थोडे थोडे, सारखे आवळायचे. सिलिकॉन पेस्टही भरमसाट थापायची नाही. तिचे तुकडे आत सुटले, तर तेलाच्या जाळीत अडकतात. शेवटी ब्रीदरची नळी काढून साफ केली. ती तुंबली की इंजिनातल्या हवेचा दाब वाढतो आणि चांगल्या सीलांतूनही तेल बाहेर ढकलतो. नळी तशीच ठेवली असती, तर नवी रिंगही लवकर गेली असती.

सगळं मिळून बिल झालं ६५० रुपये. जुनं तेल, चिंध्या गटारात न टाकता मामांनी डब्यात भरून ठेवल्या.

त्या रात्री गाडीखाली एक जुना पेपर अंथरला. सहेरीला पाहिलं, तर त्यावर पुन्हा दोन थेंब! मन खट्टू झालं. मामांना फोन केला, तर ते हसले. जोडाच्या आत साचलेलं जुनं तेल अजून निथळत असणार, तीन दिवस थांब म्हणाले. दुसऱ्या पहाटे एक थेंब होता. चौथ्या दिवशी पेपर कोरडा निघाला.

मागचं सील कधीच जात नाही, असं नाही. वरच्या सगळ्या जागा कोरड्या असतील आणि तरी जोडातून ताजं तेल येत असेल, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. पण तो निर्णय इंजिन धुऊन, पुसून, पाहून झाल्यावर घ्यायचा. तोवर दर आठवड्याला सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोड्या वेळानं गेज बघत राहायचं. आणि गाडी चालवताना तेलाचा लाल दिवा लागला, तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ, असं म्हणायचं नाही. गाडी बाजूला घेऊन तिथंच बंद करायची.

ईदच्या आदल्या दिवशी आम्ही गावी पोचलो. भाऊ मागच्या सीटवर झोपला होता. अम्मी पुढं बसली होती, अब्बा असताना बसायची तशीच, खिडकीची काच अर्धी खाली करून. उतरल्यावर तिनं आधी मागं वळून गाडीखालची जमीन पाहिली, आणि मगच दाराची कडी वाजवली.