विजयाविना एकशे तीन शर्यती

ब्रिटनमधील घोड्यांच्या शर्यतींचा इतिहास हा सामान्यतः विजेत्यांचाच इतिहास आहे. क्विक्सॉल क्रॉसेट हे नाव त्यात टिकले ते नेमक्या उलट कारणाने. १९८५ साली जन्मलेला हा घोडा अडथळ्यांच्या शर्यतींत १०३ वेळा धावला आणि एकदाही जिंकला नाही. दोन वेळा दुसरा, सहा वेळा तिसरा, एवढीच त्याची कमाई. २००१ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या चाहत्यांची संख्या एखाद्या विजेत्यालाही हेवा वाटावा अशी होती.

सतत हरणाऱ्या घोड्याला पुन्हापुन्हा उतरवण्यामागे केवळ हट्ट असतो असे समजणे मात्र चूक ठरेल. महालक्ष्मीच्या शर्यतींना जाणाऱ्यांना 'हँडिकॅप' हा शब्द नवा नाही. १८५५ मध्ये अ‍ॅडमिरल रूस यांची हँडिकॅपर म्हणून नेमणूक झाली, तेव्हापासून ही पद्धती ब्रिटनमध्ये अधिकाधिक शास्त्रशुद्ध होत गेली. प्रत्येक घोड्याला गुणांक मिळतो आणि एका गुणामागे एक पौंड वजन, असा साधा हिशेब असतो. घोडा हरत गेला की गुणांक उतरतो, पाठीवरचे ओझेही उतरते. म्हणजे पराभव हेच त्याचे भांडवल! नामांकित घोड्यांत सहावा आलेला घोडा पुढे हलक्या वजनाने दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांपुढे उभा राहिला, तर त्याचे दिवस पालटू शकतात. उलट, वासरांत लंगडी गाय ठरून मिळवलेल्या दुसऱ्या क्रमांकाची किंमत फारशी नसते. नावाआधी छापलेले आकडे हे सांगत नाहीत. तेथे शून्य म्हणजे पहिल्या नऊंत नाही, एवढेच कळते. अंतर कोणते होते, जमीन ओली होती की कठीण, हे ज्याचे त्याने शोधावे.

परंतु या औदार्यालाही तळ आहे. क्विक्सॉलच्या काळी अडथळ्यांच्या शर्यतींत किमान वजन दहा स्टोन, म्हणजे १४० पौंड, असे. ज्याच्या वाट्याला हिशेबाने १२० पौंड येत, त्यालाही १४० पौंडच वाहावे लागत. अशा घोड्याने आणखी दहा शर्यती गमावल्या तरी त्याच्या पाठीवरचे ओझे कमी होत नाही. येथून पुढे तो हँडिकॅपरच्या न्यायावर नव्हे, तर मालकाच्या आशेवर धावत असतो.

अशा घोड्यावर लोक प्रेम करतात, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. आपल्यातील बहुतेकांना विजेत्यापेक्षा तो जवळचा वाटतो. पण दोन मैलांहून अधिक अंतर आणि वाटेतले कुंपण हे कौतुकाने ठेंगणे होत नाही. पडण्याची जोखीम चाहत्याची नसते, घोड्याची आणि जॉकीची असते.

एखाद्या अविजयी घोड्याचे भवितव्य पाहायचे असेल, तर शून्ये मोजत बसण्यापेक्षा वजनाचा रकाना आधी पाहावा. वजन अजून उतरत असेल आणि ट्रेनर अंतर बदलून पाहत असेल, तर त्या घोड्यावर चार पैसे लावणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. वजन तळाला टेकून वर्ष लोटले असेल, तर मालकाने त्याच्यासाठी चांगले कुरण शोधावे.