वर्तनविषयक उपपत्ती, मानसशास्त्रीय

मानवी वर्तन कशामुळे घडते, याचा सुसंगत उलगडा करण्यासाठी मानसशास्त्रात मांडण्यात आलेल्या विचारप्रणाली. मनोविश्लेषण, वर्तनवाद, मानवतावाद, बोधनिक दृष्टिकोन आणि जीवशास्त्रीय दृष्टिकोन या त्यांपैकी प्रमुख होत. एकाच वर्तनाचे कारण त्या निरनिराळ्या ठिकाणी शोधतात आणि कारणानुसार उपायही बदलतो. प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अवास्तव व चिवट अशी भीती म्हणजे भयगंड. त्याच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होतो.

मनोविश्लेषण : सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांच्या मते वर्तनाचे मूळ अबोध मनातील दडपलेल्या इच्छा व संघर्ष यांत असते. घोड्यांना भिणाऱ्या ‘छोटा हान्स’ या पाच वर्षांच्या मुलाचा वृत्तांत त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. वडिलांविषयीची भीती घोड्यांकडे वळली, असा अर्थ त्यांनी लावला. मात्र ही माहिती बव्हंशी वडिलांनीच पुरविलेली होती. शिवाय असे अर्थ पडताळून पाहणे कठीण असते. हान्सने घोडा कोसळताना पाहिला होता व त्याच्या भीतीचे मूळ अशा अनुभवातच असावे, असे वर्तनवाद्यांनी पुढे प्रतिपादिले.

वर्तनवाद : जॉन बी. वॉटसन (१८७८–१९५८) यांनी १९१३ मध्ये निरीक्षणक्षम वर्तन हाच मानसशास्त्राचा विषय ठरविला. १९२० मध्ये त्यांनी व रोझाली रेनर यांनी सुमारे अकरा महिन्यांच्या ‘अल्बर्ट’ या बालकावरील प्रयोग प्रसिद्ध केला. पांढरा उंदीर दाखविताच पोलादी कांबीवर हातोडा आपटून मोठा आवाज करण्यात येई. असे काही वेळा घडल्यावर बालक नुसत्या उंदरालाही भिऊ लागले. ही भीती घालविण्याचा उपाय न करताच प्रयोग संपला. आजच्या नीतिनियमांत तो बसणार नाही. याउलट मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये, सशाला भिणाऱ्या पीटर या बालकाला आवडीचा खाऊ देत ससा क्रमाक्रमाने जवळ आणला व त्याची भीती दूर केली. पुढे बी. एफ. स्किनर (१९०४–९०) यांनी वर्तनाच्या परिणामांवर, म्हणजे प्रबलनावर, भर दिला. भीतिदायक वस्तू टाळल्याने मिळणारा दिलासा भयगंड टिकवून धरतो, हे त्यावरून समजते.

अन्य दृष्टिकोन : कार्ल रॉजर्स (१९०२–८७) प्रभृती मानवतावाद्यांनी व्यक्तीची स्वप्रतिमा व तिची विकासक्षमता यांना महत्त्व दिले. एरन बेक (१९२१–२०२१) यांनी १९६० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या बोधनिक उपचारपद्धतीनुसार, प्रसंगापेक्षा व्यक्ती त्याचा लावत असलेला अर्थ भावनांना कारणीभूत होतो. दुसरे मूल कुत्र्याशी निर्भयपणे खेळताना पाहून भित्र्या मुलांची भीती कमी होते, असे ॲल्बर्ट बँडुरा (१९२५–२०२१) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखविले. मार्टिन सेलिग्मन यांनी १९७१ मध्ये जीवशास्त्रीय मुद्दा मांडला : साप, उंची यांसारख्या, पूर्वजांना घातक ठरलेल्या गोष्टींची भीती मनुष्य सहज शिकतो.

मूल्यमापन : यांतील कोणतीही एक उपपत्ती सर्व वर्तनाला पुरी पडत नाही. भयगंडाच्या उपचारांत मात्र भीतिदायक वस्तूला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची पद्धती विशेष परिणामकारक ठरली असून, तिला विचारांच्या फेरतपासणीची जोड देण्यात येते. वर्तनाच्या कारणाविषयीचे मत केवळ तात्त्विक राहत नाही. भ्यालेल्या मुलाला कोणती वागणूक मिळावी, हेही त्यावरून ठरते.