पावसाच्या उतरणीवरचा जिल्हा

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर पूर्वेला असलेल्या माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास अडकतो. एका प्रशासकीय सीमेच्या आत पावसात दहापटीहून अधिक फरक असल्याने अकरा तालुक्यांचा हा जिल्हा एकसंध प्रदेश म्हणून ओळखणे कठीण जाते; येथील माती, पिके, जनावरे, बाजारपेठा आणि घरबांधणीही पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना दर वीस-पंचवीस किलोमीटरांवर बदलत जाते. अधिक पाऊस म्हणजे अधिक सुबत्ता हे समीकरण मात्र या उतरणीला लागू पडत नाही. अतिवृष्टीचा पश्चिम भाग आणि अवर्षणाचा पूर्व भाग, ही दोन्ही टोके पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसे बाहेर पाठवत आली असून, संपत्ती साठली ती मधल्या, मध्यम पावसाच्या पट्ट्यात.

या फरकाचे मूळ सह्याद्रीच्या रचनेत आहे. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीची भिंत चढताना थंड होतात आणि बहुतेक बाष्प माथ्यावरच रिते करतात. पलीकडे उतरताना ते पुन्हा तापतात आणि कोरडे पडतात. डोंगराच्या आडोशाला असलेल्या अशा कमी पावसाच्या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. महाबळेश्वराच्या माथ्यावर कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. त्यांपैकी सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते, वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते, तर कोयना बराच काळ डोंगररांगांमधून दक्षिणेकडे वाहून हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला जवळजवळ समोरासमोर भिडते. पूर्वेकडच्या माणगंगेला आणि येरळेला मात्र असा पाऊसभरला माथा लाभलेला नाही. त्या कोरड्या टेकड्यांत उगम पावतात आणि वर्षाचा बराच काळ त्यांच्या पात्रात वाळूच दिसते.

पश्चिमेकडच्या माथ्यावर काळ्या पाषाणाऐवजी जांभा खडक आढळतो. बेसाल्टवर लाखो वर्षे धुवांधार पाऊस कोसळला की त्यातील विरघळणारी द्रव्ये वाहून जातात आणि मागे लोह व ॲल्युमिनियमयुक्त, तांबूस, सच्छिद्र असा थर उरतो, तोच जांभा. पाचगणीचे टेबललँड, पाटणजवळचे सडावाघापूर आणि साताऱ्याच्या पश्चिमेचे कास पठार ही त्याची ठळक उदाहरणे होत. कासच्या खडकावर माती बोटभर जाडीची असल्याने मोठे झाड तेथे तग धरत नाही, पण पावसाळ्याच्या उत्तरार्धात काही आठवडे तेरडा, सोनकी आणि कीटकभक्षी असलेली सीतेची आसवे यांनी पठार भरून जाते. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील निवडक स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचा समावेश झाला आणि फुलांचा अल्पकाळ भोवतालच्या गावांसाठी उत्पन्नाचा हंगाम ठरला.

थंड हवेवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था येथे त्याआधीच रुजली होती. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२० च्या दशकाच्या अखेरीस, महाबळेश्वराचे गिरिस्थान वसले. पुढे पाचगणी निवासी शाळांसाठी नावारूपाला आली आणि ब्रिटिशांनी आणलेल्या स्ट्रॉबेरीने शेतीचा चेहरा बदलला. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी गुण जोडलेल्या उत्पादनाचे नाव कायद्याने राखले गेले. या फळाचा प्रवासही उतरणीचाच आहे. परदेशातून मागवलेली मूळ रोपे, ज्यांना शेतकरी ‘मदर प्लांट’ म्हणतात, माथ्यावरच्या पावसात कुजतील म्हणून वाईसारख्या खालच्या, कमी पावसाच्या भागातील रोपवाटिकांत वाढवली जातात. त्यांच्या पसरणाऱ्या फुटव्यांपासून नवी रोपे तयार होतात आणि पाऊस ओसरल्यावर ती माथ्यावरच्या गादीवाफ्यांत लावली जातात. थंडीत सुरू झालेली तोडणी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते, म्हणजे पर्यटकांच्या हंगामाशी तिची गाठ पडते.

ही समृद्धी मात्र माथ्यावरच्या काही गावांपुरती आहे. जावळी आणि पाटण तालुक्यांच्या खोऱ्यांत डोंगरउतारावरच्या अरुंद पट्ट्यांत भात, नाचणी आणि वरी पिकते. पावसाचे प्रमाण प्रचंड असले तरी उतारामुळे पाणी थांबत नाही आणि जाताना माती घेऊन जाते. कुटुंबाला वर्षभर पुरेल इतके धान्य न पिकल्याने येथील पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि घाऊक बाजारांत गेले. डोक्यावर किंवा पाठीवर ओझे वाहणारा कामगार तो माथाडी, आणि या कामगारांत सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातील लोकांचे प्रमाण मोठे राहिले. त्यांचे नेते अण्णासाहेब पाटील हेही पाटण तालुक्यातलेच. त्यांच्या चळवळीच्या रेट्यातून १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, ज्याने रोजंदारीवरच्या असंघटित हमालांची मंडळाकडे नोंदणी, निश्चित मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी यांची सोय केली.

याच खोऱ्यातले पाणी साऱ्या राज्याच्या कामी आले. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर पाणी. नदी पूर्ववाहिनी असली तरी या साठ्यातील मोठा वाटा बोगद्यांतून पश्चिमेला वळवून कोकणाच्या बाजूच्या खोल उतारावर सोडला जातो, त्या उंचीवर टर्बाइने फिरतात आणि वापरलेले पाणी वाशिष्ठीत जाते. प्रकल्पाची एकूण वीजक्षमता सुमारे १,९६० मेगावॉट आहे. मुंबई-पुण्याच्या कारखानदारीला या विजेने हात दिला, परंतु तापोळ्यापर्यंत पसरलेल्या शिवसागर जलाशयाखाली खोऱ्यातली सपाट आणि कसदार जमीन गेली व अनेक गावे उठली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने उरलेल्या वस्तीलाही हादरा दिला.

मधला पट्टा वाईपासून सुरू होतो आणि कराडच्या पुढे सांगलीकडे रुंदावत जातो. येथे डोंगरातून वाहून आलेली माती नदीकाठी साचली आहे, पाऊस पिकाला सोसेल इतका आहे आणि वरच्या धरणांमुळे नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. घाट आणि मंदिरांचे वाई एकीकडे हळदीची पेठ, तर दुसरीकडे मराठी विश्वकोशाच्या निर्मितीचे केंद्र म्हणून प्रसिद्ध आहे. १७०८ मध्ये छत्रपती शाहूंचा राज्याभिषेक झालेले सातारा कंदी पेढ्यांइतकेच शिक्षणासाठी ओळखले जाते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था पुढे याच शहरात स्थिरावली. कोकणात उतरणाऱ्या कुंभार्ली घाटाच्या वाटेवरचे कराड हे जुने व्यापारी गाव असून, त्याच्या लगत ओगलेवाडीला ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला आणि तेथला प्रभाकर कंदील मराठी घराघरांत पोहोचला.

तरी या पट्ट्याचा खरा कणा ऊस आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लावून सोळा ते अठरा महिन्यांनी तोडला जाणारा आडसाली ऊस अख्खा उन्हाळा शेतात काढतो, म्हणून जेथे बारमाही पाण्याची खात्री आहे तेथेच तो परवडतो. शेतकरी सभासदांच्या भांडवलावर चालणारे सहकारी साखर कारखाने आले, त्यांच्या मागोमाग दूध संघ, पतसंस्था, महाविद्यालये आणि राजकीय नेतृत्वही आले. ऊस तोडायला मात्र मराठवाड्यातल्या कोरड्या भागातून टोळ्या येतात. म्हणजे या पट्ट्याने माणसे बाहेर पाठवली नाहीत, उलट ती बाहेरून आणली.

कोरेगावपासून पूर्वेला ही हिरवळ विरळ होत जाते. कोरेगाव तालुक्याची ओळख असलेल्या, अंगावर तांबडे पट्टे असलेल्या वाघ्या घेवड्यालाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उत्तरेकडचे फलटण पर्जन्यछायेत असूनही नीरा उजव्या कालव्यामुळे बागायती झाले, आणि जवळचे लोणंद कांद्याच्या व शेळ्यामेंढ्यांच्या बाजारासाठी गाजते. महादेव डोंगराच्या पलीकडे, खटाव आणि माणमध्ये व शेजारच्या सांगली-सोलापूर जिल्ह्यांच्या लगतच्या तालुक्यांत पसरलेला तो माणदेश. येथे ज्वारी-बाजरीइतकाच आधार जनावरांचा असतो: पांढऱ्या अंगाचे, लांब शिंगांचे, चपळ खिलार बैल आणि धनगरांची मेंढरे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळे जातीच्या छोट्या मेंढीतील जुळी कोकरे देणारे जनुक दख्खनी मेंढीत संकराने आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. मेंढरांची संख्या चाऱ्याअभावी वाढवता येत नसलेल्या मेंढपाळाला त्याच कळपातून अधिक कोकरे मिळावीत, हा त्यामागचा हिशेब आहे.

माणदेशाने बाहेर पाठवलेल्या माणसांनी निवडलेला व्यवसाय मात्र शेतीशी कसलेही नाते नसलेला आहे. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या तालुक्यांतील हजारो कुटुंबे देशभरच्या सराफ बाजारांत गलाईचे, म्हणजे सोन्याचांदीच्या शुद्धीकरणाचे काम करतात. मोडीचे सोने मुशीत वितळवून त्यात मुद्दाम जास्त चांदी मिसळली जाते, कारण सोन्याचा अंश सुमारे चौथ्या हिश्श्यावर आला तरच नत्राम्ल मिश्रणात खोलवर शिरते. मग आम्लात चांदी आणि इतर धातू विरघळतात आणि तळाशी सोने उरते. उरलेल्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदीही परत मिळते. सोनाराच्या दुकानातली झाडलोटसुद्धा विकत घेऊन तिच्यातून धातू काढला जातो. अत्यंत कमी भांडवलावर सुरू होणारे, पण विश्वासावाचून न चालणारे हे काम भाऊबंदकीच्या जाळ्यातून पसरले. धुराड्यातल्या आम्लाच्या वाफा सोसून मिळवलेला हा पैसा गावाकडच्या दुमजली घरांत आणि मंदिरांच्या शिखरांत दिसतो. मागे राहिलेल्या बायकांच्या हाती पैशाचे व्यवहार यावेत यासाठी म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

अलीकडे पाणीच या उतरणीच्या पूर्व टोकाकडे नेले जात आहे. कृष्णेतून पाणी उचलून टप्प्याटप्प्याने उंचावर चढवणाऱ्या व्यवस्थेला उपसा सिंचन म्हणतात. गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव असलेल्या टेंभूजवळून निघालेली योजना खानापूर-आटपाडीकडे, तर जिहे-कठापूरची योजना खटाव-माणकडे जाते. एका खोऱ्यात पाणी खाली सोडून वीज करायची आणि दुसऱ्या खोऱ्यात वीज खर्चून पाणी वर चढवायचे, असा हा व्यवहार असल्याने पंपांच्या वीजबिलाचा प्रश्न योजनेच्या बरोबरीनेच येतो. तरीही जेथे पाणी पोहोचले तेथे डाळिंब, द्राक्षे आणि ऊसही दिसू लागला आहे, आणि गलाईवर गेलेल्या घरातला एखादा भाऊ शेतीसाठी मागे राहणे आता शक्य झाले आहे. पश्चिमेकडच्या खोऱ्यांना अशी योजना आखता येत नाही, कारण तेथे उणीव पाण्याची नसून जमिनीची आहे. पूर्वेची तहान नळ्यांनी भागवता येते. जावळी-पाटणच्या उतारावरून शतकानुशतके वाहून गेलेली आणि खाली कराडच्या मळ्यांत साचलेली माती मात्र कोणत्याही पंपाने वर चढत नाही.