बॅटरीतल्या तांब्याला कार्बनचा पर्याय

मोबाइलच्या लिथियम-आयन बॅटरीत ऊर्जा साठवणाऱ्या लेपाइतकंच महत्त्वाचं काम त्याखालच्या धातूच्या फॉइलचं असतं: ऋण बाजूला तांब्याचं, धन बाजूला अॅल्युमिनियमचं. हे करंट कलेक्टर, म्हणजे लेपातली वीज गोळा करून बाहेर नेणारे पत्रे. ते स्वतः ऊर्जा साठवत नाहीत, वजन मात्र वाढवतात. 10 मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) जाडीचं एक चौरस मीटर तांबं सुमारे 90 ग्रॅम भरतं. त्याजागी कार्बन नॅनोट्यूबचा, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा, कागद वापरता येईल का, ते आपण पाहू.

आधी कागद बनवायचा. सुमारे 1200 अंश सेल्सिअसच्या भट्टीत कार्बनी वायू आणि फेरोसीन (लोखंडाचं एक संयुग) सोडतात. फेरोसीनमधल्या लोखंडाच्या कणांवर नळ्या वाढतात आणि त्यांचा जाळीदार पुंजका रिळावर गुंडाळला जातो.

मग हे लोखंड काढायचं. कागद हवेत तापवून फालतू कार्बन जाळतात, नंतर हायड्रोक्लोरिक आम्लात धुतात. इथे घाई नडते, कारण तापवताना लोखंड चांगल्या नळ्याही जाळायला मदत करतं. आणि ते मागे राहिलं, तर बॅटरीत विरघळून ऋण बाजूवर साचतं. त्यातून आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकतं.

सुटी नळी वीज उत्तम वाहून नेते, पण कागदात विजेला एका नळीतून दुसरीत जावं लागतं आणि अडथळा तिथेच असतो. म्हणून कागदावर अॅसिटोन शिंपडतात. ते उडून जाताना नळ्या ओल्या ब्रशच्या केसांसारख्या एकमेकींना चिकटतात. मग रोलर फिरवतात. फार दाबलं तर छिद्रं बुजतात आणि लेपाची पकड सुटते. ताणून नळ्या एका दिशेला लावल्या, तर त्या दिशेला वीज छान वाहते, आडवी मात्र कमी.

नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करूनही वाहकता वाढवता येते. पण हा परिणाम उष्णतेने उतरतो. त्याच्या भरवशावर बॅटरी बांधू नये, असं माझं मत आहे.

खरी अडचण ऋण बाजूला येते. नळ्यांचं पृष्ठफळ प्रचंड असतं. पहिल्या चार्जिंगमध्ये त्यावर इलेक्ट्रोलाइट (आयन वाहणारा द्रव) विघटित होऊन थर बसतो आणि त्यात लिथियम कायमचं अडकतं. त्यावर उपाय म्हणजे आधीच जादा लिथियम भरणं किंवा कागदावर तांब्याचा पातळ मुलामा देणं. धन बाजूला हा त्रास फारसा नाही, पण तिथलं अॅल्युमिनियम मुळातच हलकं. म्हणजे वजनाची बचत जिथे मोठी, तिथेच अडचणही मोठी.

सच्छिद्र कागद इलेक्ट्रोलाइटही पितो. त्यामुळे हलकेपणाचा दावा वाचताना वजन कोरड्या कागदाचं दिलंय की भरलेल्या सेलचं, हे आपण जरूर तपासावं.