पृथ्वी शॉ : शिखर आधी, चढण नंतर

विरार, प्रतिनिधी

पहाटे विरारहून चर्चगेटकडे सुटणाऱ्या लोकलमध्ये क्रिकेटचे अवजड किट सांभाळत उभा असलेला शाळकरी मुलगा आणि त्याच्या शेजारी डबा व पाण्याची बाटली घेतलेले वडील, हे दृश्य वसई-विरारकरांना नवीन नाही. याच गर्दीतून वाट काढत भारतीय कसोटी संघापर्यंत पोहोचलेला फलंदाज म्हणजे पृथ्वी शॉ. वयाच्या १८व्या वर्षी पदार्पणाच्या कसोटीत शतक झळकाविणारा हा सलामीवीर २५व्या वर्षी आयपीएलच्या लिलावात एकाही संघाला हवासा वाटला नाही. असे का घडले, याचे उत्तर केवळ नशिबात शोधून चालणार नाही. व्यावसायिक क्रिकेटमध्ये वर चढण्यासाठी लागणारे गुण आणि वर टिकण्यासाठी लागणारे गुण वेगवेगळे असतात, हे त्याच्या कारकिर्दीवरून स्पष्टपणे समजते.

विरार ते वांद्रे

९ नोव्हेंबर १९९९ रोजी जन्मलेल्या पृथ्वीचे कुटुंब मूळचे बिहारमधील गया येथील. तो चार वर्षांचा असताना त्याच्या आईचे निधन झाले. वडील पंकज शॉ यांनी आपला व्यवसाय बाजूला ठेवून मुलाच्या क्रिकेटला वाहून घेतले. सरावासाठी बाप-लेक विरारहून वांद्र्याला जात. रेल्वेने हे अंतर एका बाजूने सुमारे ४५ किलोमीटर भरते.

एवढ्या लांब जाण्याची गरज काय, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे कारण मुंबई क्रिकेटच्या रचनेत आहे. हॅरिस आणि गाइल्स शिल्ड या शालेय स्पर्धा म्हणजे मुंबईच्या वयोगट संघांकडे जाणारी पहिली पायरी. त्या स्पर्धांत सातत्याने खेळणाऱ्या नामवंत शाळा वांद्रे, दादर परिसरात आणि सामन्यांची प्रमुख मैदाने दक्षिण मुंबईत. साहजिकच उपनगरापलीकडच्या मुलाला आधी लोकलशी आणि मग गोलंदाजांशी सामना करावा लागतो. पृथ्वीने वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेत प्रवेश घेतला आणि एमआयजी क्रिकेट क्लबवर सराव केला. पुढे शिवसेनेचे नेते संजय पोतनीस यांच्या मदतीने सांताक्रूझजवळील वाकोला येथे घराची सोय झाली आणि रोजची ओढाताण थांबली.

पाच वर्षांत शिखरावर

२० नोव्हेंबर २०१३ रोजी आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या सामन्यात सेंट फ्रान्सिस डी'असिसी शाळेविरुद्ध पृथ्वीने ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. त्यात ८५ चौकार व ५ षटकार होते. वयाची १४ वर्षे त्याने नुकतीच पूर्ण केली होती. कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी २०१६ मध्ये नाबाद १००९ धावा करून हा आकडा मागे टाकला. परंतु मुंबईच्या क्रिकेटवर्तुळाचे लक्ष पृथ्वीकडे तोवर पुरते वेधले गेले होते.

त्यानंतरची वाटचाल थक्क करणारी होती. जानेवारी २०१७ मध्ये रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध त्याला मुंबईकडून पदार्पणाची संधी मिळाली. राजकोटच्या त्या सामन्यात दुसऱ्या डावात त्याने १२० धावा केल्या. त्याच वर्षी दुलीप करंडकाच्या पदार्पणातही त्याने शतक ठोकले. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली आणि राहुल द्रविड यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने न्यूझीलंडमध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला. ४ ऑक्टोबर २०१८ रोजी राजकोटच्याच मैदानावर वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने कसोटी पदार्पणात १३४ धावांची खेळी केली. दोन कसोटींत २३७ धावा आणि मालिकावीराचा बहुमान. शालेय विक्रमापासून कसोटी शतकापर्यंतचा टप्पा त्याने पाच वर्षांच्या आत पार केला.

दुखापत, बंदी आणि अ‍ॅडलेड

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात सराव सामन्यात सीमारेषेवर झेल घेताना त्याच्या घोट्याला दुखापत झाली आणि संपूर्ण मालिका हुकली. फेब्रुवारी २०१९ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान घेतलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे प्रतिबंधित द्रव्य आढळले. खोकल्याच्या औषधातून ते नकळत पोटात गेल्याचे त्याचे स्पष्टीकरण क्रिकेट मंडळाने मान्य केले. तरीही आठ महिन्यांची बंदी टळली नाही. ही बंदी १५ नोव्हेंबर २०१९ पर्यंत होती. उत्तेजक प्रतिबंधक नियमांत हेतू नसणे हे शिक्षा सौम्य होण्याचे कारण ठरू शकते, पण शरीरात काय जाते याची अंतिम जबाबदारी खेळाडूचीच मानली जाते. दुकानातून स्वतःच आणलेले साधे औषधही कारकिर्दीतील मोलाचे महिने हिरावून घेऊ शकते, हे होतकरू खेळाडूंच्या पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

बंदीनंतर संघात परतलेल्या पृथ्वीने २०२० च्या न्यूझीलंड दौऱ्यात ख्राइस्टचर्चला अर्धशतक केले. मात्र डिसेंबर २०२० मधील अ‍ॅडलेड कसोटीत तो ० आणि ४ धावांवर त्रिफळाचीत झाला. बॅट आणि पॅड यांच्यामध्ये राहणारी फट दोन्ही वेळा उघडी पडली. शालेय किंवा स्थानिक क्रिकेटमध्ये हातांच्या वेगामुळे अशी उणीव झाकली जाते. आंतरराष्ट्रीय पातळीवर चित्रफितींचा अभ्यास करून गोलंदाज त्याच जागी पुन्हा पुन्हा चेंडू टाकतात. पाच कसोटींत ३३९ धावा, सरासरी ४२ हून अधिक. आणि तरीही अ‍ॅडलेडनंतर डिसेंबर २०२५ पर्यंत त्याला आणखी एक कसोटी खेळता आली नव्हती.

धावा होत्या, सातत्य नव्हते

त्याची गुणवत्ता आटली होती, असे मात्र नाही. २०२०-२१ च्या विजय हजारे स्पर्धेत त्याने चार शतकांसह ८२७ धावा फटकावल्या आणि मुंबईला विजेतेपद मिळवून दिले. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध गुवाहाटीत त्याने ३८३ चेंडूंत ३७९ धावांची खेळी केली. रणजी करंडकाच्या इतिहासात यापेक्षा मोठी खेळी एकच, भाऊसाहेब निंबाळकर यांनी १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून केलेली नाबाद ४४३ धावांची. ऑगस्ट २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनशायरकडून एकदिवसीय सामन्यात पृथ्वीने १५३ चेंडूंत २४४ धावा कुटल्या आणि लगेचच गुडघ्याच्या दुखापतीने तो मायदेशी परतला.

मोठी खेळी, मग दीर्घ खंड, हा क्रम वारंवार दिसतो. निवड समिती आणि संघमालक एका डावाचा नव्हे, तर पूर्ण हंगामाचा हिशेब मांडतात. खेळाडू किती सामन्यांसाठी तंदुरुस्त राहील, मैदानात किती चपळ असेल, ठरावीक भूमिका रोज पार पाडेल का, हे प्रश्न त्यात येतात. आयपीएलमधील त्याच्या बोलीचे आकडे हा हिशेब उघड करतात. २०१८ साठी दिल्लीने त्याला १ कोटी २० लाख रुपयांना घेतले, २०२२ साठी साडेसात कोटींना संघात कायम ठेवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून त्याला वगळण्यात आले. तंदुरुस्ती हे त्यामागील कारण असल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. पुढच्याच महिन्यात झालेल्या लिलावात ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही बोली लागली नाही.

महाराष्ट्राकडून नवा डाव

२०२५ मध्ये मुंबई क्रिकेट संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन पृथ्वी महाराष्ट्र संघात दाखल झाला. ज्या संघासाठी निंबाळकरांनी विक्रम रचला, तोच हा संघ. ऑक्टोबरमध्ये केरळविरुद्ध रणजीतील पहिल्या डावात तो शून्यावर बाद झाला; दुसऱ्या डावात त्याने ७५ धावा केल्या. पाठोपाठ चंडीगडविरुद्ध १४१ चेंडूंत द्विशतक पूर्ण करून त्याने २२२ धावांची खेळी साकारली. डिसेंबर २०२५ च्या लिलावात दिल्ली कॅपिटल्सने ७५ लाखांना त्याला पुन्हा संघात घेतले. साडेसात कोटींचा खेळाडू त्याच्या दहाव्या हिश्शाच्या किमतीत परतला. परंतु वर्षभरापूर्वी बंद झालेले दार उघडले, हेही खरे.

वसई-विरारमधील मैदानांवर आजही अनेक मुले पृथ्वीसारखे फटके मारण्याचा प्रयत्न करताना दिसतील. त्यांच्या पालकांना त्याच्या ५४६ धावा पाठ असतात. त्याच्या कारकिर्दीचा दुसरा अर्धा भागही तितकाच अभ्यासण्यासारखा आहे. लोकलच्या गर्दीत उभे राहून वांद्र्याला पोहोचण्याची जिद्द त्याला भारतीय संघापर्यंत घेऊन गेली. तेथे टिकून राहण्यासाठी आहार, विश्रांती, औषधांबाबतची दक्षता आणि आपल्याच तंत्रातील उणिवांवर केलेले कंटाळवाणे काम लागते, आणि या कामाचा आकडा धावफलकावर कधी लागत नाही. २६ हे सलामीवीरासाठी उतरणीचे वय नव्हे. शिखर लवकर पाहून आलेल्या या विरारकराला आता तीच चढण पुन्हा, आणि या वेळी सावकाश, चढायची आहे.