गाडी उचलताना हिसका का बसतो?

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. तेथून उत्तरेला मोताळा, मलकापूरकडे निघाले की राजूर घाट लागतो. सकाळी घाट उतरायचा आणि संध्याकाळी चढायचा, हा या वाटेने शाळेत जाणाऱ्या शिक्षकांचा नित्यक्रम. आमच्या एका सहकारी बाईंनी याच प्रवासासाठी नवी मोटार घेतली. बाकी सारे ठीक होते. एकच गोष्ट खटकत होती. थांबलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना ‘धप्प’ असा आवाज होऊन हिसका बसे. गाडी एकदा चालू लागली की कसलीच तक्रार नसे.

एका संध्याकाळी घाटात वाहने खोळंबली. बाईंच्या मागेच एसटी उभी होती. पुढची रांग हलली, बाईंनी क्लच सोडला, हिसका बसला, इंजिन बंद पडले आणि गाडी हातभर मागे घसरली. हँडब्रेक वेळेवर ओढला गेला म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती केंद्रात उत्तर मिळाले, “मॅडम, तुमचा हात नवीन आहे. क्लच हळू सोडत जा.” दुसऱ्या एका गॅरेजने क्लच प्लेट बदलायला सांगितली. क्लच प्लेट हा झिजणारा भाग असल्याने बहुधा हमीत बसत नाही. म्हणजे खर्च बाईंच्याच माथी. दोन्ही उत्तरे वेगळी असली तरी त्यांत एक साम्य होते. गाडी तपासून पाहिली होती, असे कोणीच म्हणत नव्हते!

बाई स्वतः विज्ञान शिकवतात. त्या म्हणाल्या, “सर, निरीक्षण, अंदाज आणि पडताळा हे आपण मुलांना रोज सांगतो. मग दोष माझ्या पायात आहे की गाडीत, हे तसेच का शोधू नये?” आम्ही वही-पेन्सिल घेऊन कामाला लागलो.

थांबलेल्या गाडीची अडचण

प्रथम हे पाहू की गाडी उचलणे हे मुळात अवघड काम का आहे. पेट्रोल किंवा डिझेलचे इंजिन थांबलेल्या स्थितीतून जोर देऊ शकत नाही. ते आधी फिरते असावे लागते. गाडी जागच्या जागी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे करीत असते. चाके मात्र स्थिर असतात. फिरणारी वस्तू एकदम स्थिर वस्तूला जोडली तर एकतर इंजिन बंद पडेल, नाहीतर गाडी उडी मारेल.

यावर उपाय म्हणजे क्लच. इंजिनाबरोबर फ्लायव्हील नावाची जड चकती फिरते. तिच्यासमोर क्लच प्लेट असते आणि प्रेशर प्लेट तिला स्प्रिंगच्या जोराने फ्लायव्हीलवर दाबून धरते. आपण पायाने पेडल दाबतो तेव्हा ही पकड सुटते. पेडल सोडू लागलो की पकड हळूहळू वाढते. मधल्या काही क्षणांत दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घसरतात आणि घर्षणामुळे चाकांना जोर मिळू लागतो. चालक यालाच ‘हाफ क्लच’ म्हणतात. दोघांचा वेग सारखा झाला की घसरणे थांबते.

फिरवण्याच्या जोराला यंत्रशास्त्रात टॉर्क म्हणतात. लहान मोटारीत पहिला गिअर आणि चाकांकडची शेवटची गिअरजोडी मिळून हा टॉर्क साधारण १४ पट वाढवतात. पाचव्या गिअरमध्ये तो जेमतेम ३ पट होतो. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

हिसक्याच्या तीन जाती

सगळे हिसके सारखे नसतात. ते ओळखले की अर्धे निदान झाले.

पहिली जात थरथरीची. क्लच सोडताना गाडी एकापाठोपाठ एक असे भराभर झटके देते. विटेला रबरबँड बांधून ती फरशीवर सावकाश ओढून पाहा. रबर ताणले जाते, वीट हलत नाही. मग एकदम सुटते, पुढे जाऊन थांबते. पुन्हा रबर ताणले जाते. स्थिर वस्तूवरचे घर्षण सरकत्या वस्तूवरच्या घर्षणापेक्षा जास्त असल्याने असे होते. क्लच प्लेटवर तेल आले, ती जळून गुळगुळीत झाली किंवा वाकडी झाली, तर क्लचही असाच ‘धर-सोड’ करतो. दमट रात्रीनंतर सकाळी पहिल्या काही वेळाच अशी थरथर होऊन ती नंतर थांबत असेल, तर फ्लायव्हीलवर ओल किंवा गंजाचा पातळ थर बसला असावा, असा तर्क करता येतो.

दुसरी जात गुदमरण्याची. इंजिन आधी मंदावते, मग एकदम जोर धरते. येथे संशय इंधन, हवा, ठिणगी आणि त्यांवर देखरेख करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर जातो.

तिसरी जात एकाच दणक्याची. ‘धप्प’ झाले की संपले. याचे कारण बहुधा कुठेतरी असलेला ढिलेपणा. शेगाव किंवा मलकापूर स्टेशनात मालगाडी सुटताना पाहिली असेल, तर एका डब्यापासून पुढच्या डब्यापर्यंत सरकत जाणारा खडखडाट आठवेल. जोडण्यांमधली मोकळी जागा भरून निघताना तो होतो. वर्गात दाखवायचे तर विटेला साधा दोरा बांधा. दोरा आधी ताणून मग सावकाश ओढला तर वीट सरकते. तोच दोरा सैल ठेवून हात झटक्याने मागे नेला तर दोरा तुटण्याचा संभव असतो. ढिलेपणाच्या अंतरात हाताला वेग येतो आणि तो वेग क्षणात अडवला जातो. दणका म्हणजे हेच.

वहीतल्या नोंदी

मोकळ्या मैदानावर आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलायची असे ठरवले.

आधी चालक बदलले. तीन जणांनी प्रत्येकी दहा वेळा गाडी उचलली. मागच्या आसनावर बसलेला चौथा डोळे मिटून फक्त दणका जाणवला की नाही ते सांगे. तिघांच्याही हातून दणका बसला. मग बाईंनी याच नमुन्याची दुसऱ्या एका शिक्षकांची गाडी चालवली. ती अलगद उचलली गेली. म्हणजे दोष बाईंच्या पायात नव्हता. हा निष्कर्ष काढायला एकही पाना लागला नाही!

पुढे थंड इंजिन आणि गरम इंजिन, दोन्ही पाहिले. फरक नव्हता. थरथर मुळीच नव्हती. दणका एकच आणि दरवेळी एकच. इंजिनही मंदावत नव्हते. त्यामुळे पहिल्या दोन जाती बाद झाल्या. रिव्हर्समध्येही दणका बसत होता. चढावर तो जास्त जोराचा होता.

क्लच फारच सावकाश सोडला तर मात्र दणका जवळजवळ नाहीसा होई. म्हणजे क्लचचे पृष्ठभाग ठीक होते. आणि ‘हळू सोडा’ हा सल्ला खरा का वाटत होता, तेही कळले. त्याने दोष जात नव्हता, फक्त झाकला जात होता. शिवाय रोज घाटात लांबवर हाफ क्लच ठेवला असता तर घर्षणाच्या उष्णतेने चांगली क्लच प्लेट खरोखरच जळाली असती.

न्यूटनचा तिसरा नियम बॉनेटखाली

दणका ढिलेपणाचा, एवढे कळले. पण तो ढिलेपणा कुठे होता? आणि दणका फक्त उचलतानाच का? आता मघाचे आकडे घेऊ.

गाडी उचलताना इंजिनाचा टॉर्क ६० न्यूटन-मीटर धरा. पहिल्या गिअरमध्ये तो १४ पट होऊन चाकांपाशी ८४० न्यूटन-मीटर होतो. क्रियेला प्रतिक्रिया असतेच. चाके एका दिशेला फिरवली जातात तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा जोडलेला ठोकळा तेवढ्याच टॉर्कने उलट दिशेला कलंडू पाहतो. पुढची चाके ओढणाऱ्या बहुतेक लहान मोटारींत गिअरबॉक्स आणि चाकांकडची गिअरजोडी एकाच पेटीत असतात, त्यामुळे हा सगळा भार त्या ठोकळ्याला धरून ठेवणाऱ्या आधारांवर येतो. हे रबराचे आधार म्हणजे माउंटिंग. आपल्याकडचे मिस्तरी त्यांना ‘फाउंडेशन’ही म्हणतात. हा आधार कलंडण्याच्या अक्षापासून अर्धा मीटर दूर असेल तर त्यावरचे बल ८४० भागिले ०.५, म्हणजे १६८० न्यूटन. सुमारे १७० किलोच्या ओझ्याएवढे!

पाचव्या गिअरमध्ये तेच ६० न्यूटन-मीटर फक्त १८० होतात. म्हणजे आधारावरचा ताण पाव भागाहूनही कमी. म्हणून सैल आधार धावत्या गाडीत गप्प राहतो आणि गाडी उचलताना बोलतो. विहिरीवरची मोटर बोल्ट सैल असताना चालू केली की ती जागची उसळते आणि मग निमूट फिरू लागते, तसाच हा प्रकार.

चढावर दणका का वाढे? गाडीचे वस्तुमान १००० किलो आणि चढ १५ मीटरला १ मीटर धरला, तर गाडीला मागे ओढणारे बल सुमारे ६५० न्यूटन होते. ते पेलण्यासाठी क्लच अधिक जोराने धरावा लागतो, म्हणून प्रतिक्रियाही वाढते.

आता दोन संशयित उरले होते: चाकांकडे जाणाऱ्या अ‍ॅक्सलचे सांधे आणि इंजिनाचे आधार. स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फेऱ्या मारल्या. झिजलेला बाहेरचा सांधा अशा वेळी सहसा ‘टिक-टिक’ वाजतो. तसे काही ऐकू आले नाही.

शेवटची परीक्षा दुरुस्ती केंद्रात मिस्तरींच्या देखरेखीखाली झाली. चाकांना उटी लावली, हँडब्रेक ओढला, बॉनेट उघडले. सगळे जण गाडीच्या बाजूला उभे राहिले. समोर उभे राहायचे नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. एकाने क्लच पकड येईपर्यंतच सोडला. अशा वेळी इंजिन थोडे कलणे स्वाभाविक असते. येथे ते उसळले आणि खालून ‘धप्प’ ऐकू आले. रिव्हर्समध्ये ते उलट दिशेला उसळले.

मिस्तरी गाडीखाली गेले. इंजिनाचे कलंडणे रोखणाऱ्या खालच्या आधाराचा बोल्ट पुरेसा आवळलेला नव्हता. तो ठरलेल्या टॉर्कने आवळला आणि दणका गेला. क्लच प्लेट बदलली असती तर? गिअरबॉक्स उतरवताना बहुधा हा बोल्टही काढून पुन्हा घट्ट बसवला गेला असता. गाडी सुधारली असती आणि श्रेय मिळाले असते नव्या क्लचला! ‘उपाय केला आणि गुण आला’ एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, ते असे.

इतर गाड्यांचे काय?

क्लचचे पेडल नसलेल्या काही गाड्यांत क्लच आणि गिअरबॉक्स नेहमीचेच असतात; पायाचे काम तेवढे यंत्र करते. त्या यंत्राला पकड कोठे सुरू होते ते ‘शिकवावे’ लागते. ते चुकले तर हिसका बसतो आणि केंद्रात पुन्हा जुळवणी करावी लागते. विजेवरच्या मोटारीत सहसा क्लच नसतो, कारण विजेची मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण टॉर्क देते. तो हळूहळू वाढू देण्याचे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. पण आधार आणि सांधे तेथेही असतात आणि न्यूटनचा नियम तेथेही सुटत नाही.

बाई आता घाटात निर्धास्त गाडी उचलतात. त्या नोंदींचे पान त्यांनी आठवीच्या वर्गात लावले आहे. त्यावर संशयितांची यादी आहे आणि प्रत्येक नावापुढे ते कशामुळे खोडले, तेही लिहिले आहे. सर्वांत वर खोडलेले नाव आहे, ‘चालकाची चूक’. मुले प्रथम तेच वाचतात आणि विचारतात, “बाई, हे खोडलं कशावरून?” धडा तेथूनच सुरू होतो.